होळीवरचा चाफा

होळीच्या दिवशी दुपारी आमच्या परसातला चाफा तोडला. आई, आक्का आणि मी नदीवर गोधड्या धुवायला गेलो होतो. परत आलो तेव्हा झाड नव्हतं. खोड होतं, आणि त्यातून चीक गळत होता. आक्काने डोक्यावरचं धुणं उतरवलं, चुलीतली राख आणली आणि खोडावर दाबली. मग हात धुऊन ती पुरण वाटायला बसली. त्यानंतर अकराव्या दिवशी ती त्या घरातून गेली.

मी तेव्हा नववीत होते. आज माझी पंच्याहत्तरी उलटून गेली आहे. एवढ्या वर्षांत हे मी कोणाला धड सांगितलेलं नाही. सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि समोरचा माणूस गोष्ट ऐकायची सोडून माझ्याकडे काळजीने बघू लागतो. लिहिताना ती अडचण नाही. वयाबरोबर राग निवळतो असं सगळे म्हणतात. माझा निवळला नाही, आणि तो निवळावा असं मला वाटतही नाही.

आमचं घर पोलादपूरपासून चालत तासाभरावर, सावित्रीच्या काठच्या एका वाडीत होतं. घरापुढे खळं, खळ्याच्या पलीकडे भाताची खाचरं, मागे डोंगर. घरात आबा म्हणजे माझे वडील, आई, आणि आक्का. मधला भाऊ शांताराम, माझा दादा, मुंबईला गोदीत कामाला होता. तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा. मी शेंडेफळ. सातवीनंतर गावात शाळा नव्हती, म्हणून महाडला मावशीकडे राहून शिकत होते आणि सुट्टी लागली की एस.टी.ने घरी येत होते. आक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिचं नाव यमुना. आई-आबा तिला यमे म्हणत, शेजारपाजारच्या बायका यमू म्हणत. तिचं लग्न सतराव्या वर्षी झालं आणि विसाव्या वर्षी ती परत आली. नवऱ्याने मुंबईत दुसरी बायको केली होती. ती बायको गरोदर राहिल्यावर सासूने आक्काला एका गड्याबरोबर आमच्याकडे पोचती केली. ‘बोलावणं पाठवू तेव्हा यायचं’ असा निरोप होता. बोलावणं आलं नाही. ते येणार नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण आमच्या घरात पुढची सहा वर्षं आक्काबद्दल बोलताना ‘सध्या इथे आहे’ असंच म्हणत. सहा वर्षं ती सध्या होती.

परत आली तेव्हा तिच्याजवळ एक ट्रंक होती आणि हातभर लांबीचं एक लाकूड. सासरच्या गावच्या वेशीवर एक खुरचाफा होता, त्याची फांदी येताना तिने मोडून घेतली होती. मी आठ वर्षांची होते. तिने ते लाकूड पडवीच्या कोपऱ्यात उभं करून ठेवलं आणि आठ दिवस त्याला हात लावला नाही. मी विचारलं, ‘लावत का नाहीस?’ ती म्हणाली, ‘चीक वाळूदे. ओला लावला तर कुजतो. चाफ्याला आधी तहान लागली पाहिजे, मग तो मूळ सोडतो.’ आठ दिवसांनी तिने न्हाणीच्या मागच्या पडीक तुकड्यात ते काठीसारखं रोवलं. मी हसले. आईसुद्धा हसली. ‘काठ्या लावतंय माझं पोर,’ म्हणाली. पावसाळ्यात त्या काठीला पानं फुटली तेव्हा आक्का मला हाताला धरून तिथे घेऊन गेली आणि बघत उभी राहिली. मीही उभी राहिले. तिच्या बागेची सुरुवात ती.

तो तुकडा म्हणजे नुसते धोंडे होते. तिने ते एकेक उकरून काढले आणि त्यांचीच वाफ्यांभोवती कडा केली. कोंबड्या आणि बकऱ्या येऊ नयेत म्हणून करवंदीच्या काट्यांची वई घातली. न्हाणीचं पाणी वाया जात असे, त्याला पाट काढून ते आधी सोनटक्क्याला, मग कर्दळीला, मग उरलंसुरलं तगरीला असं फिरवलं. सुकट धुतलेलं पाणी गुलाबाला, तांदळाचं धुवण मोगऱ्याला, चुलीतली राख शेवंतीला. घरात कोणती गोष्ट फेकायची असली तरी आधी तिला विचारायला लागायचं. रोपं तिने कुठून कुठून आणली. अबोलीचं बी शेजारच्या सखूकाकीकडून, अनंताची फांदी पोलादपूरच्या देवळामागून, मोगरा मी महाडच्या मावशीकडून आणलेला. एस.टी.त मोगऱ्याची दाबाची फांदी मांडीवर घेऊन बसले होते आणि शेजारचा माणूस म्हणाला होता, ‘पोरीने देव आणलाय जणू.’

सुट्टीत घरी आले की माझा सगळा दिवस त्या तुकड्यात जायचा. मी पुस्तकात तोंड घालून बसणारी मुलगी. मला माणसांशी बोलायला जमत नसे, पण आक्काबरोबर वाफ्यात बसायला बोलावं लागत नसे. पहाटे भाकऱ्यांचे आवाज सुरू व्हायच्या आधी ती परसात असायची. मी उठून जायची तोवर तगरीचं फूल न् फूल उमललेलं असायचं, आणि आक्का ओल्या मातीत पाय रोवून जास्वंदीची खालची पिवळी पानं काढत असायची. तिथे माझं काम म्हणजे तिने खुडलेलं केळीच्या पानावर मांडणं. एका बाजूला देवाची, एका बाजूला शेजाऱ्यांची, आणि उरली तर आमच्या वेणीची. दुपारी अबोलीवर शिंजीर येत आणि उलटे लोंबकळून चोच घालत. चारच्या सुमाराला गुलबक्षी उमलायची; आमच्या घरात घड्याळ नव्हतं, तेव्हा आई स्वयंपाकघरातून विचारायची, ‘गुलबक्षी फुलली का गो?’ फुलली म्हटलं की ती चहाचं आधण ठेवायची. संध्याकाळी पाणी घातल्यावर मातीचा आणि मोगऱ्याचा एकत्र वास यायचा, तो मी अजूनही कुठे शोधत नाही, कारण सापडणार नाही हे ठाऊक आहे. कुळथाचं पिठलं, तांदळाची गरम भाकरी आणि हाताला तो वास, असं मी जेवलेली आहे. ह्याला सुख म्हणतात हे तेव्हा कळलं नव्हतं.

आक्काचे फुलांचे काही नियम होते. दिवे लागल्यावर फूल तोडायचं नाही. पहिल्या बहराचं फूल झाडावरच ठेवायचं. आणि काही झालं तरी प्रत्येक झाडावर दोन फुलं शिल्लक ठेवायची. ‘का?’ असं मी एकदा विचारलं. ‘झाडाला वाटता नये, आपण आलो की लुटायलाच आलो,’ ती म्हणाली.

सकाळी आठ वाजेपर्यंत वईच्या फटीपाशी बायका यायच्या. ‘यमू, दोन जास्वंदी दे गो.’ ‘यमू, आज आमच्याकडे सत्यनारायण हाय.’ ‘यमू, चेडवाच्या डोक्यात घालायला काय तरी दे.’ वाडीत कुठलंही लग्न असो, वेण्या आमच्या परसातून जायच्या. पण त्याच लग्नाला हळद लावायला सवाष्णी बोलवायच्या तेव्हा आक्काचं नाव नसायचं. नवरा जिवंत, गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू, आणि तरी नाही. वेण्या हव्यात, हात नको. आक्का त्यावर काही बोलत नसे. मी बोलत नव्हते ते लहान होते म्हणून. आईला काय झालं होतं?

चाफा सहा वर्षांत माझ्या दुप्पट उंच झाला. थंडी संपता संपता त्याची पानं गळून पडत आणि तो नुसत्या जाड, करड्या फांद्या वर करून उभा राहत असे. त्याला न ओळखणाऱ्याला तो वाळलेला वाटला असता. पण आमच्या वाडीत चाफा न ओळखणारा कोण होता? दर देवळापुढे एक असतो. आणि त्या वर्षी शिमग्याच्या आधीच त्याच्या टोकांना कळ्यांचे तुरे धरले होते, हिरवट-तांबूस, बोटभर. मी घरी आले त्या दिवशी आक्काने मला ते दाखवले होते. खालच्या एका फांदीवर तर दोन फुलं उघडलीही होती. पहिल्या बहराची म्हणून तिने ती तशीच ठेवली होती.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण नंतर सगळे म्हणाले की तो वाळलेला वाटला.

आमच्याकडे शिमग्याला लाकडं चोरायची रीत आहे. होळीच्या आधी आठ-दहा दिवस वाडीतली तरणी पोरं कोणाच्या परसातला मोडका नांगर, कोणाची तुटकी फळी, वईचा खांब उचलून होळीच्या माळावर नेतात. मालकाने ओरडायचं, पोरांनी पळायचं, असा तो खेळ. आणि एक नेम सगळ्यांना पाठ: होळीवर पडलेलं परत मागायचं नाही. ते देवाचं झालं. त्यावर भांडण केलं तर देवाशी भांडल्यासारखं. मला त्या रीतीचं काही वावडं नव्हतं. आमचा फुटका पाट एकदा गेला होता तेव्हा मीही हसले होते. पण हातात कुऱ्हाड घेऊन उभं झाड तोडणं ही चोरी नव्हे. आणि ते झाड न्हाणीच्या मागे, वईच्या आत होतं. बाहेरून दिसत नव्हतं. दाखवल्याशिवाय कोणाला सापडलं नसतं.

कोणी दाखवलं ते मला दुपारीच माहीत होतं. दोन दिवस आधी मी माळ्यावर वाचत पडले होते आणि खाली पडवीत दादा आणि आबा बोलत होते. दादाचं लग्न जमत होतं.

‘तिकडचे विचारतात, बहीण कायमची हाय का?’ दादा म्हणाला. ‘मी काय सांगू?’

‘सध्या हाय म्हणून सांग.’

‘सहा वर्षं झाली, आबा. ती जायची नाय. जिला जायचं असतं ती झाडं लावीत नाय.’

आबा काही बोलले नाहीत. आबांचं हे मी कधी विसरणार नाही. ते वाईट बोलत नसत. ते बोलतच नसत. ज्या वेळी एका शब्दाने काम झालं असतं त्या वेळी ते सुपारी कातरत असत.

होळीच्या संध्याकाळी दादा आणि त्याचा मित्र बाळू पुरणपोळी खायला बसले. आक्का वाढत होती. पोळी वाढून झाल्यावर ती तिथेच उभी राहिली.

‘शांताराम, चाफा तू दाखवलास?’

‘कुठला चाफा?’

‘कळ्या होत्या त्याला.’

‘अगं वाळलेला होता तो. एक पान नव्हतं. पोरांनी नेला, मी काय करू? शिमगा हाय. खालीपिली तोंड पाडू नको.’

बाळू हसला. ‘आक्का, देवाला गेलं ते. पुण्य तुझ्या नावावर लागंल. पुढल्या वर्षी आणखी एक लाव, तोही नेऊ.’

‘चिकाने हात चिकट झाले असतील ना रे तुमचे?’ आक्का म्हणाली. ‘वाळलेल्याचे होत नाय.’

बाळूने हात ताटाखाली घेतले. दादाची मान खाली होती. आबा म्हणाले, ‘जेवताना नको.’ आणि आईने दादाच्या ताटात आणखी एक पोळी घातली, वर तूप घातलं. त्या पोळीचा मला आजही राग येतो. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, तिने माझ्यासाठी काय काय केलं ते मी जाणते, तिच्या आठवणीने माझे डोळे भरतात. पण ती पोळी मी तिला माफ केलेली नाही.

दिवस मावळताना होळी लागली. आमच्या होळीत मध्ये सावरीचं उभं खोड असतं आणि भोवती गवत, लाकडं रचलेली. चाफा त्यात वरच टाकला होता, फांद्या बाहेर आलेल्या. बाकी सगळं पेटलं. चाफा पेटला नाही. तो फसफसला, त्याच्या टोकांतून फेस आला, आणि धूर असा झाला की सगळी माणसं खोकत मागे सरली. एक म्हातारा ओरडला, ‘ओला कुणी घातला रे?’ वाडीतल्या प्रत्येक माणसाने ते ऐकलं. मग बोंब सुरू झाली. वर्षातून त्या एका दिवशी पुरुषांना तोंडावर हात मारून वाटेल त्याला वाटेल ते बोलायची मुभा असते आणि कोणी मनाला लावून घेत नाही. बायका मागे उभ्या राहून हसतात. मी आक्काकडे बघत होते. त्या माळावर खरोखर बोंब मारायचं कारण एकाच माणसाला होतं, आणि ते माणूस नारळाचं ताट धरून गप्प उभं होतं.

दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, ऊन चांगलं वर आल्यावर सगळे राख लावायला माळावर गेले. राखेत चाफा जसाच्या तसा पडला होता, बाहेरून काळा, आतून ओला. आक्का पुढे गेली. तिने हातभर लांबीची एक फांदी निवडली, पायाखाली धरून मोडली आणि पदरात घेतली.

सखूकाकी ओरडली, ‘अगो, होळीचं उचलतंस? ठेव ती! ठेव खाली!’

‘मी लावलेलं हाय, काकी.’

‘होतं. आता नाय.’

आक्का घराकडे चालायला लागली. मी तिच्या मागे. मागे वळून बघायचं धाडस मला झालं नाही, पण सगळी वाडी आमच्या पाठीकडे बघते आहे हे कळत होतं. पडवीच्या त्याच कोपऱ्यात, सहा वर्षांपूर्वीच्या जागेवर, तिने ती फांदी चीक वाळायला उभी केली.

दुपारनंतर गावकीचे मानकरी आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. पडवीत बसून त्यांनी पान लावलं, भाताचं विचारलं, दादाच्या लग्नाचं विचारलं. कोपऱ्यातल्या फांदीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. उठताना म्हणाले, ‘परवा पालखी ह्या आळीत येईल. तुमच्या दारात थांबंल का, माझ्याच्याने सांगवत नाय. लोकं बोलतात.’

ग्रामदेवतेची पालखी शिमग्यात घरोघर येते, प्रत्येकाच्या खळ्यात नाचते, ओवाळून घेते. ती दारात न थांबता पुढे जाणं म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या घरात मग मुलगी कोणी देत नाही. आबा हात जोडून उभे राहिले. मानकरी गेल्यावर ते आत आले. आई तांदूळ पाखडत होती.

‘यमे, ती फांदी माळावर ठेवून ये. मी नारळ देतो, गाऱ्हाणं घालू. सगळं निस्तरंल.’

‘नाय ठेवायची.’

‘देवाचं हाय ते.’

‘देवाचं असतं तर जळलं असतं, आबा.’

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, काहीतरी फुटलं असतं. ‘मग फांदी जाईल, नायतर तू जाशील,’ ते म्हणाले. आक्काने आईकडे पाहिलं. आई सुपातल्या तांदळाकडे बघत होती. त्या तांदळात एक खडा नव्हता. मी समोरच बसले होते.

थोड्या वेळाने आबांनी मला हाक मारली. ‘शाले, पोस्टकार्ड घे.’

त्या घरात सुवाच्य अक्षर माझं होतं. महाडच्या शाळेत माझी वही वर्गाला दाखवत. आबा सांगत गेले आणि मी लिहीत गेले: मुलीस पाठवीत आहोत, कोणास तरी घ्यावयास पाठवावे, मागचे विसरून तिला सांभाळून घ्यावे. मागचे विसरून. मागे तिने काय केलं होतं ते मी विचारलं नाही. शाई सांडली असती, कार्ड फाडलं असतं, मला येत नाही म्हटलं असतं, तरी एक दिवस तरी गेला असता. मी ऱ्हस्व-दीर्घ सांभाळत बसले. लिहून झाल्यावर आबा म्हणाले, ‘वाचून दाखव.’ आक्का आत चुलीपाशी होती, मध्ये कुडाची भिंत. मी वाचून दाखवलं.

ह्या प्रकरणात मी बऱ्याच जणांवर रागावले आहे. ह्या यादीत माझं नाव कुठे येतं ते वाचणाऱ्याने ठरवावं. मी कधीच ठरवलं आहे.

मुलगी सासरी जाते आहे असं कळल्यावर मानकऱ्यांनी नारळ स्वीकारला. पालखीच्या दिवशी सकाळी आई म्हणाली, ‘यमे, पालखीला अबोलीचा हार लागंल गो. मोगराही घाल मधून.’ हे आई बोलू शकली. आक्का उठली, टोपली घेतली आणि परसात गेली. मी मदतीला गेले. तिने अबोली खुडली, मोगरा खुडला, तगर, अनंत, जास्वंद, कण्हेर, सगळं. त्या दिवशी तिने एकाही झाडावर दोन फुलं ठेवली नाहीत. कळ्यासुद्धा ठेवल्या नाहीत. मी म्हटलं, ‘आक्का, दोन ठेव ना.’ ती म्हणाली, ‘कोणासाठी?’

पालखी आली, थांबली, खळ्यात नाचली. एवढा मोठा हार वाडीत कोणाच्या दारात पडला नव्हता. सगळे वाहवा म्हणाले. दादाने पालखीला खांदा दिला. आबांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी रंग आला. मागे परसात नुसती पानं उभी होती, आणि ते कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझी शाळा होती. आक्का मला एस.टी.च्या रस्त्यापर्यंत पोचवायला आली. तिच्या हातात जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली ती फांदी होती. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, ‘जळकं टोक वर ठेव, मोडलेलं खाली. चीक अजून वाळायचाय. सावलीत ठेव, उन्हात नको. आठ दिवसांनी लाव. पाणी फार घालू नको, तुझा हात सढळ हाय.’ गाडी आली. ‘आणि इथे आणू नको,’ ती म्हणाली. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा ती पाठ फिरवून चालायला लागली होती.

तिला न्यायला धाकटा दीर आला तेव्हा मी महाडला होते. मला कोणी कळवलं नाही. मे महिन्यात दादाच्या लग्नाला घरी आले तेव्हा वई काढलेली होती आणि परसात लग्नाच्या जेवणासाठी चुली खणल्या होत्या. मोठी चूल तगरीच्या जागी होती. अबोलीच्या वेण्या पोलादपूरच्या बाजारातून आणल्या होत्या, शिळ्या. बायका म्हणत होत्या, ‘यमू असती तर.’ असं म्हणताना त्यांना काही वाटत नव्हतं.

पुढच्या दिवाळीत मी हट्ट करून एकदाच तिच्याकडे गेले. दोन खोल्यांचं घर, सवत मुंबईहून बाळंतपणाला आलेली, आणि आक्का तिच्या मुलाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती. घराभोवती केवढी मोकळी जमीन होती. मी विचारलं, ‘आक्का, इथे काही लावलं नाहीस?’ ती म्हणाली, ‘जागा नाय गो.’

त्यानंतरच्या श्रावणात ती तापाने गेली. तीन दिवसांचा ताप. बातमीचं पोस्टकार्ड आलं ते कोणीतरी अडखळत लिहिलेलं, ओळी खाली उतरलेल्या, तिच्या नावातलं एक अक्षर गाळलेलं. आबांनी ते मला वाचायला दिलं. मी वाचून दाखवलं.

फांदी मी मावशीच्या घरामागे लावली होती. पहिल्यांदा ती खालून कुजली. कुजलेलं कापून मी ती पुन्हा सावलीत ठेवली, पुन्हा आठ दिवस. दुसऱ्यांदा तिने मूळ धरलं. मी महाडलाच शिकले, तिथेच शाळेत शिकवलं, आणि पुढे मावशीचं घर माझ्याकडे आलं. नदीचं पाणी गावात शिरतं तेव्हा चाफा कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो, पाणी ओसरलं की त्याच्या खोडावर गाळाची रेघ राहते. मी ती धुऊन काढते. त्याच्या फुलांवर कोणालाही हक्क आहे. गल्लीतल्या मुली येतात, टाकून दिलेल्या बायका येतात, ज्यांना नवराच नाही त्या येतात. दोन फुलं ठेवा एवढंच मी सांगते.

दादा निवृत्त झाल्यावर एकदा आला होता. बायको नव्हती बरोबर. अंगणात खुर्ची टाकून चहा पीत बसला. वर बघून म्हणाला, ‘छान झालाय गं चाफा. कुठून आणलास?’

‘होळीतून,’ मी म्हटलं.

त्याने चहा संपवला. कप खाली ठेवला. मग पोलादपूरची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. पुढे तो वारला तेव्हा मी गावी गेले, शेवटपर्यंत बसले, सगळं केलं. फुलं नेली नाहीत.

आक्काचा फोटो नाही. कोणी काढलाच नाही. वाडीतलं घर दादाच्या मुलांनी पाडून नवीन बांधलं आहे, परसाच्या जागी फरशी आहे. चाफा आहे. माघात त्याची पानं गळतात. शिमग्याच्या आधी मी चुना कालवते आणि त्याच्या खोडाला छातीइतक्या उंचीवर पांढरा पट्टा मारते, झाड जिवंत आहे हे कोणालाही दिसावं म्हणून. यंदाही मारला आहे.